किनाशीची पाइन शेतं: तारेचा वळ कुठला चालतो, कुठला नाही

सरळ सांगतो, जपानला जायचंय ते पाइन बोन्साय पारखायला शिकायचं म्हणून, आणि वेळ कमी आहे, तर टोकियोजवळचं ओमिया हे बोन्सायचं गाव सोडा आणि शिकोकू बेटावर ताकामात्सुजवळच्या किनाशीला जा. निघायच्या आधी मला जो तो एकच सांगत होता, खोडावर तारेचा वळ, म्हणजे आकार द्यायला गुंडाळलेली तार सालीत रुतून पडलेली खूण, दिसला की झाड नापास. किनाशीत पोचलो तर काळ्या पाइनच्या ओळीच्या ओळी, भाजीच्या वाफ्यासारख्या शेतात लावलेल्या, कोवळ्या खोडांनी तार अर्धी गिळलेली आणि कुणाला त्याचं काही वाटतच नाहीये! जपानमधल्या पाइन बोन्सायपैकी साधारण ८० टक्के याच किनाशी-कोकुबुंजी भागात तयार होतात, म्हणजे यांना कळत नाही असं तर म्हणता येणार नाही ना.

गोम अशी आहे की काळा पाइन, म्हणजे कुरोमात्सु, जमिनीत असताना दणादण जाड होतो, साल भेगाळते, खवले सुटतात, आणि बुंध्याजवळचे कोवळेपणीचे वळ त्या सालीखाली हळूहळू दिसेनासे होतात. गोयोमात्सु, म्हणजे पाच सुयांचा पांढरा पाइन, याची साल कितीतरी वर्षं पातळ आणि गुळगुळीत राहते आणि कुंडीत तर खोड जाड व्हायचं जवळपास थांबतंच, त्यामुळे त्याच्यावरचा खोल गोल-गोल वळ तुमच्यासोबत म्हातारा होणार. वळ तोच, पण एका झाडावर माफ आणि दुसऱ्यावर नाही. हे इतकं साधं आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता ज्याच्यामुळे डोकं फिरलं ते. जपानमधल्याच एका मोठ्या शहरातल्या दुकानात गोयोमात्सु दाखवला, किनाशीत तशाच झाडाला सांगितलेल्या किमतीच्या दुप्पट, आणि त्यावर नवी कोरी तांब्याची तार. वाकून बघितलं तर नवी तार जुन्या खाचेतच बसवलेली, अगदी मापात! वळ झाकायलाच गुंडाळली होती, वाकवायला नाही. वर मालक म्हणतो दोन-तीन वर्षांत भरून येईल. नाही येत हो. कडा फुगतात, खाच पसरट होते, पण मधला भाग बसलेलाच राहतो, आणि तिथे खोड खालच्यापेक्षा जाड दिसायला लागलं की झाडाची निमुळती चढण, म्हणजे खाली जाड आणि वर बारीक होत जाणं, तीच गेली. तेव्हा विक्रीच्या झाडावर खोडाला ताजी तार दिसली तर पहिला प्रश्न तोच विचारा, कशाला घातलीये? उत्तर गोलगोल आलं तर निघा.

बघताना झाड फिरवायला सांगा, मागची बाजू आधी. शेतात वाढवलेल्या काळ्या पाइनला खोड जाड करायला मोठ्या फांद्या सोडतात आणि नंतर कापतात, ते घाव मागे असतात आणि माझ्या मते वळापेक्षा तेच महाग पडतात. बुंध्यावर शेवाळ किंवा जखमेचा लेप असेल तर त्याच्या खाली काय आहे ते विचारा. गोयोमात्सु बहुतेक काळ्या पाइनच्या मुळावर कलम केलेला असतो, खाली खरखरीत साल आणि वर एकदम गुळगुळीत, मध्ये फुगवटा, असा जोड डोळ्यात खुपत असेल तर सोडा. बारीक फांद्यांवरच्या वळांवर वेळ घालवू नका, त्या बदलता येतात, खोड बदलत नाही. आणि रुतलेली तार घरी उकरून काढायची हौस नको, दिसतेय तेवढी तुकडे-तुकडे कापून काढा, आत गेलेली आतच राहू द्या, उकराल तर नवा घाव.

किनाशीला जायचं कसं: ओकायामाहून मरीन लायनर ट्रेन, सेतो ओहाशी पूल ओलांडून तासाभरात ताकामात्सु, तिथून योसान लाइनच्या लोकलने दुसरंच स्टेशन. पुढे चालायचं, आणि हे चालणं वाईट आहे. सावली नाही, बागा विखुरलेल्या, पाट्या जपानीत, आणि मालक शेतात असतो, काउंटरवर नाही, हाक मारायला कुणी सापडत नाही. उन्हाळ्यात मी तरी पुन्हा करणार नाही. सायकल घ्या किंवा टॅक्सी करा आणि आदल्या दिवशी कुणाकडून तरी जपानीत फोन करवून ठेवा. ताकामात्सुतली रित्सुरिन बाग बघितली, सुंदर आहे, ती सगळ्यांनी लिहिलीये.

विकत घ्यायचं असेल तर बॅगेत घालून आणू असं मनातही आणू नका. इम्पोर्ट परमिट, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला रोग-कीड नाही याचा सरकारी दाखला), मुळांवरची माती पूर्ण धुतलेली, हे सगळं लायसन्सवाल्या एक्सपोर्टरकडूनच. माती धुतली की मुळांवरची उपयोगी बुरशी बरीचशी जाते आणि झाड थकून येतं, ते सावरून नवी वाढ दाखवेपर्यंत तारेला हात लावू नका.

ओमियाला जायचंच असेल तर तोरो स्टेशनला उतरा, बोन्साय म्युझियम चालत पाचेक मिनिटांवर आहे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले माळी इथे येऊन वसले आणि १९२५ मध्ये गाव झालं, झाडं अफाट आहेत, पण ती तयार झालेली, वळ बघून शिकण्यासारखं तिथे फार नाही. बऱ्याच बागांत फोटो काढू देत नाहीत. गुरुवारी जाऊ नका, म्युझियम बंद आणि बहुतेक बागाही बंद.