मनगटावरचं आलं

आल्याचा कोंब मोडल्यावर जो ओलसर, हिरवट, लिंबाकडे झुकणारा वास येतो ना, या परफ्यूमची पहिली दहा मिनिटं थेट तशीच आहेत. गेले नऊ दिवस मी ते रोज लावतेय. सुंठेचा वास वेगळा, कोरडा आणि मातकट. इथे आलं ताजं आहे, रसाळ आहे. त्या ताजेपणामागे सिट्राल नावाचं लिंबासारख्या वासाचं द्रव्य आहे, गवती चहात भरपूर असतं तेच. आलं वाळलं की ते कमी होतं.

मला खरी ओढ होती ती तिखटपणाची. आलं चावल्यावर जिभेला लागणारा झणका मला वासात हवा होता. पण तो झणका जिंजरॉल या आल्यातल्या तिखट द्रव्याचा, आणि ते इतकं जड की वाफेवर तेल काढताना वर येतच नाही, मागच्या चोथ्यात राहतं. म्हणजे आल्याच्या शुद्ध तेलाला आल्याचा वास असतो, तिखटपणा नसतो! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ बाटली हातात धरून बसले होते. मग नाकात सणसणतं ते काय? या बाटलीत आल्याच्या जोडीला वेलदोडा, काळी मिरी आणि बर्गमॉट (एक लिंबूवर्गी फळ) आहेत. वेलदोड्यात सिनिओल हे वासाचं द्रव्य भरपूर, नीलगिरीत असतं तेच, आणि नाकात थंड, टोचरी जाणीव उठते ती मला त्याचीच वाटते. जिभेवरचं तिखट नाकासाठी असं दुसऱ्याच वाटेने उभं करावं लागतं. ज्याने हे जुळवलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्वचेवर पुढे काय होतं ते पाहायला एक दिवस डाव्या मनगटाला बिनवासाचं मॉइश्चरायझर चोपडलं, उजवं कोरडंच ठेवलं. दोन्हीकडे एकेक फवारा. उजवीकडे वीस मिनिटांतच लिंबाची धार बोथट झाली आणि तासाभरात आलंही विरळ झालं. डावीकडे आलं जवळजवळ तीन तास टिकलं. माझी त्वचा मुळात कोरडी, त्यामुळे आता मॉइश्चरायझरशिवाय मी हे लावतच नाही. आणि मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडली. घासल्याने त्वचा तापते आणि आधीच उडू पाहणारे हलके घटक आणखी लवकर निघून जातात.

बर्गमॉटमधल्या लिमोनीन या वासाच्या द्रव्याचा रेणू हलका, दहा कार्बन अणूंचा, म्हणून ते लवकर उडतं. आल्यातल्या झिंजिबेरीनचा रेणू पंधरा कार्बन अणूंचा, जड, म्हणून ते सावकाश सुटतं. लिंबू ओसरल्यावर मागे राहणारी उबदार, किंचित लाकडी चव (हो, वासालाही मी चवच म्हणते) मला त्याचीच वाटते. चौथ्या तासाला मात्र आलं संपतं. मग फक्त सीडारचा लाकडी वास आणि खस, तेही मनगट नाकाशी नेलं तरच. दुपारी पुन्हा एक फवारा लागतो, आणि त्याची मला तक्रार नाही. इतका ताजा वास दिवसभर टिकला असता तर तो इतका ताजा राहिलाच नसता.

एक मात्र कळकळीने सांगते. बाटली खिडकीत ठेवू नका. याआधीची अशीच एक लिंबूवर्गी बाटली मी वर्षभर उन्हाच्या बाजूला ठेवली. वास टर्पेंटाइनसारखा झाला, तरी हट्टाने लावली आणि मानेवर लाल चट्टे उठले. लिमोनीन हवेने ऑक्सिडाइझ झालं की त्वचेला त्याची ॲलर्जी होऊ शकते. ही बाटली कपाटात, तिच्या खोक्यातच असते.

परवा चुकून थोडं सुती शर्टाच्या बाहीवर उडालं. त्वचेची ऊब नसल्यामुळे तिथे सगळंच सावकाश चाललं असणार, कारण सकाळी शर्ट उचलला तेव्हा बाहीला अजून आलं होतं, पुसट, पण ताजं मोडलेलं.