दोन पॉइंट, नारिंगी पट्टा आणि माझा हात

तीन आठवडे झाले लिहू का नको लिहू चाललंय, आज दुकान लवकर बंद केलं आणि बसलोच. आपल्या सोलापूरच्या शालेय जिल्हा कुस्तीतला राडा ज्यांनी बघितला त्यांना माहितीये, बाकीच्यांनी व्हॉट्सअॅपवर ऐकलं असेल. त्या राड्यात चप्पल घालून मॅटवर चढलेला एक माणूस होता, चेक्सचा शर्ट, टक्कल. तो मी.

आमचा पुतण्या १७ वर्षांखालच्या गटात फ्रीस्टाइलच्या फायनलला होता. नाव टाकायचं नाही असं त्यानंच बजावलंय, म्हणून बारक्या म्हणू. आदल्या दिवशी वजनासाठी त्याची भाकरी बंद, पाणी पण मोजून. घरात सगळे शेंगाचटणी आणि कडक भाकरी खातायत आणि हा भिंतीकडं तोंड करून झोपलाय, वहिनीला ते बघवेना. फायनल मारली की पुणे विभागाच्या स्पर्धेला जायचं, हारली की सर्टिफिकेट घेऊन घरी. विभागाला एकच जातो.

या वयाला दोन-दोन मिनिटाचे दोन राउंड असतात, मधे तीस सेकंद. पहिल्या राउंडला समोरच्या निळ्या ड्रेसच्या पोरानं दोनदा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून पाडलं, दोन आणि दोन, ४-०. आमचं तोंड पडलं. दुसऱ्या राउंडला मात्र निळा दमला, हात धरून नुसता उभा, पंचानं आधी ताकीद दिली, मग तीस सेकंदाचं घड्याळ लावलं आणि त्यात त्यानं काहीच केलं नाही म्हणून आम्हाला एक मिळाला. ४-१. आणि मग बारक्यानं जी ढाक मारली ना! तालमीत आमचे म्हातारे वस्ताद रोज शंभर वेळा घासून घेतात ती, कमरेवरून उचलून सरळ पाठीवर. चार पॉइंट. आता आम्ही पुढं, ५-४. मी तर नाचायलाच लागलो.

वीस-पंचवीस सेकंद राहिले असतील. निळ्यानं परत पट धरला, बारक्या मागं मागं सरकत कडेला गेला, दोघं पडले, आणि पंचानं निळ्या पट्टीचा हात वर करून दोन बोटं दाखवली. ५-६. संपलं.

आता यातली खरी मेख सांगतो कारण गर्दीतल्या निम्म्या लोकांना ती कळलीच नव्हती. ते पडणं रिंगणाच्या बाहेर धरलं असतं तर निळ्याला एकच पॉइंट, म्हणजे ५-५. आणि पॉइंट बरोबरीत सुटले की कुणाचा डाव मोठा ते बघतात, आमचा चारचा, त्याचे दोन-दोनचे, म्हणजे कुस्ती आमची. आत धरलं तर दोन, कुस्ती त्याची. सगळा खेळ त्या एका वितीवर. त्यात मॅटच्या कडेला जो मीटरभर नारिंगी पट्टा असतो तो आतच धरतात, पण बघणाऱ्यांना वाटतं पट्ट्यावर पाय गेला की आउट, आणि मग मागून सुरू, "काय बे पंच, डोळं हायत का बटनं बे!"

मोठ्या स्पर्धेत कोच मॅटवर तो स्पंजचा ठोकळा फेकून चॅलेंज घेतो, व्हिडिओ बघतात, चॅलेंज चुकलं तर उलट समोरच्याला एक पॉइंट. आपल्याकडं जिल्ह्याला कसला आलाय व्हिडिओ, टेबलावर एक गुणफलक, तो पण हातानं उलटायचा. तरी आमचे सर, म्हणजे बारक्याचे कोच, "चॅलेंज, चॅलेंज" करत मॅटवर घुसले, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं अजून पाचसहा जण. ज्या मॅटला पोरं हात लावून, कपाळाला लावून आत जातात तिथं मी चपला घालून. आणि मी ओरडलो, "पंच विकला गेलाय." पंच तिशीतला असेल, कुठल्यातरी शाळेवर पीटीचा मास्तर. तो काहीच बोलला नाही, नुसता शिट्टी मुठीत घट्ट धरून उभा होता, ते मला अजून दिसतंय.

बरं विकला गेलाय हे मी कशावरून म्हणलो? तर सकाळी हाच माणूस दुसऱ्या मॅटवर त्याच्या शाळेच्या पोराचा कोच म्हणून कोपऱ्यात बसला होता. निळ्या पोराचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण रागात एवढा हिशोब कोण करतंय. आणि हे खरंच चुकीचं आहे, यावर मी अजून ठाम आहे, सकाळी कोच आणि दुपारी पंच ही पद्धतच बंद करा. तीन वयोगट, पोरं पोरी दोन्ही, प्रत्येकात दहाएक वजनं, आणि एवढ्या कुस्त्या दिवस-दोन दिवसात उरकायच्या, मग जो दिसेल तो पीटीचा मास्तर पंच म्हणून उभा करतात. त्यानं कितीही इमानदारीत पॉइंट दिला तरी बाहेरचा माणूस म्हणणारच, ह्याचं पोरगं पण ह्याच स्पर्धेत खेळतंय.

आपल्या सोलापूरला तर पंच या विषयावर बोलायला दोन चहा पण पुरत नाहीत. जानेवारी २०२३ ची पुण्यातली महाराष्ट्र केसरी आठवा, माती गटात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड, दोघं आपल्याच जिल्ह्याचे, महेंद्रनं बाहेरची टांग हा डाव लावला आणि त्याला चार पॉइंट दिले. ते चार का दोन यावर जिल्ह्यात घराघरात भांडणं झाली, आमच्या गल्लीत सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नव्हते, आणि त्या पंचाला फोनवरून धमक्या गेल्या. मग फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी. शिवराज राक्षेचे दोन्ही खांदे टेकले का नाही यावरून वाद, त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी फायनलला महेंद्र वेळ बाकी असताना मॅट सोडून निघून गेला. दोघांना तीन तीन वर्षं बंदी. त्या रात्री मी पारावर बसून मोठं लेक्चर दिलं होतं, "पैलवानानं डोकं थंड ठेवावं." पैलवानानं बरं का. काकानं काय ठेवावं हे तेव्हा सुचलं नव्हतं.

जुनी माणसं म्हणतात मातीत असले वाद नव्हते, पाठ लागली की लागली. काही नाही हो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसातले कुस्तीचे फड मी लहानपणापासून बघतोय, पाठ लागली का नुसता खांदा घासला यावर हलगी बंद पडून अर्धा अर्धा तास कालवा चालायचा. फक्त तिथं वयस्कर पंच "बरोबरीत सोडवली" म्हणून दोघांचे हात वर करू शकायचा. मॅटवर ती पळवाट नाही.

तर आता व्हिडिओ. वहिनीनं सगळी कुस्ती मोबाइलवर घेतलेली. घरी आल्यावर मी आणि दादा मोबाइल घेऊन बसलो, म्हणलं पुरावा आहे, सोडायचं नाही, लेखी तक्रार करू, वर पाठवू. स्लो करून बघितलं. निळा पट धरतो, बारक्या मागं सरकतो, टाच नारिंगी पट्ट्यावर येते, निळा मागं जायला वळतो, बारक्याचे हात खाली जातात, आणि बरोब्बर त्या सेकंदाला स्क्रीनवर एक हात येतो. चेक्सच्या शर्टाचा. हात बाजूला होतो तेव्हा दोघं बाहेर पडलेले. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा माझाच हात.

बारक्या तिकडं जेवत होता, दोन दिवसाची भाकरी एकदम. म्हणला, "काका, आवाज वाढवून बघा."

वाढवला. आधी नुसता गोंगाट, माझाच घसा जास्त. मग नीट कान दिल्यावर सरांचा आवाज, एकदम स्पष्ट, "बाहेर हो! बाहेर हो बे! एक गेला तरी आपलीच हाय!" एकदा नाही, तीनदा. आणि पोराकडं बघा, तोपर्यंत तो मॅटच्या मधे उभा आहे, पट सोडवायला त्यानं कंबर मागं टाकलीये, भार दिलाय, निळ्याचा हात सुटत आलाय. सरांचा आवाज येतो आणि तो लढायचं सोडून पाय मागं टाकायला लागतो.

सरांचा हिशोब चुकीचा नव्हता, वर सांगितला तोच, ५-५ झालं तरी कुस्ती आमची. नियम त्यांना पाठ आहेत, मानलं. पण ज्या पोरानं आत्ता चारचा डाव मारलाय त्याला तुम्ही पळायला सांगितलं, तेही रेघेवर पळायला, म्हणजे कुस्ती तुम्ही स्वतःहून पंचाच्या डोळ्यावर नेऊन टाकली. मधे राहिला असता तर पंच चुकला असता का बरोबर असता हा प्रश्नच आला नसता. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ६५ किलोच्या ब्राँझला मंगोलियाच्या पैलवानानं हेच केलं होतं, पुढं होता, शेवटच्या सेकंदात लढायचं सोडून जिंकल्यासारखा नाचत फिरला, उझबेकच्या पैलवानाला एक पॉइंट गेला आणि मेडल पण गेलं. मग त्याच्या दोन कोचनी मॅटवर कपडे काढले, एक तर चड्डीवर आला. जग हसलं. तेव्हा मी पण हसलेलो, चपला घालून चढेपर्यंत.

कोचनं गप्पच बसावं असं माझं म्हणणं नाही हां. डिसेंबर २०१८ ला अमेरिकेत न्यू जर्सीत एका हायस्कूलच्या काळ्या पोराला रेफरीनं सांगितलं, जटा काप नाहीतर कुस्ती सोड, आणि तिथंच मॅटच्या कडेला त्याच्याच टीमच्या बाईनं कात्रीनं त्याचे केस कापले. पोरगं जिंकलं पण त्याचं तोंड बघवत नाही त्या व्हिडिओत. पुढं त्या रेफरीला दोन सीझन बाहेर ठेवलं. तिथं कोचनं पोराच्या पुढं आडवं उभं राहायला पाहिजे होतं. आमचे सर आडवे उभे राहिले, पण बारक्याच्या पुढं नाही, स्वतःच्या हिशोबाच्या पुढं. व्हिडिओच्या शेवटी दिसतंय, बारक्या पद्धतीप्रमाणे निळ्याच्या कोचकडं हात मिळवायला चाललाय आणि सर त्याचा दंड धरून ओढत नेतायत. त्या कोचचा हात तसाच पुढं राहिला.

तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तादांना व्हिडिओ दाखवला, त्यांना चष्म्यातून पण नीट दिसत नाही, त्यांनी फक्त ऐकला. म्हणले, "पंचाचं राहू दे, पोराला बाहेर हो म्हणणारा कोण हाय?" मी म्हणलं सर. "आणि बाकीचं आरडतंय कोण?" मी गप्प.

त्या पंचाचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणले, ठेवला. मला वाटलेलं काहीतरी बोलतील, नाही बोलले, आणि बोलायला पाहिजे असं पण काही नाही.

सरांशी बारक्या आधीसारखाच बोलतो, मला अजून जमेना झालंय. तालमीतल्या मॅटवरचं रिंगण घासून घासून गेलंय, तर त्यानं खडूनं परत मारून घेतलं आणि रोज संध्याकाळी कुणालातरी धरून त्या रेघेवरच एकेरी पट द्यायला लावतो आणि तिथून मधे यायचं बघतो. दहातले सहा-सात वेळा येतो. मी परवा बघायला गेलतो, दारातच त्यानं हात पुढं केला. मला वाटलं पाया पडतोय.

"चप्पल तिकडं काढा," म्हणला, "आणि मोबाइल घ्यायचा असला तर तुम्ही घ्या, म्हणजे हात तरी मधे येणार नाही."