सितार शोधली, सुतार सापडला: ‘पार’ची प्रगती, मे अखेर

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की ‘पार’चा सांगाडा उभा राहिलाय, आता लोकांना विचारून पुढचं ठरवायचं. ते विचारणं या महिन्यात झालं. कोड फार थोडा लिहिला, सगळा मिळून चार संध्याकाळी. बाकीचा वेळ माणसांत गेला. पुढच्या कामांची जी यादी आता हातात आहे, ती एप्रिलमध्ये मी केलेल्या यादीशी जवळजवळ कुठेच जुळत नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ‘पार’ म्हणजे मी फावल्या वेळात लिहितेय ते चर्चेचं सॉफ्टवेअर. गावात वडाच्या पारावर बसून बोलतात, तसं एका आवडीच्या दोन-तीनशे माणसांना बसता यावं, एवढ्यापुरतंच. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, मजकूर साठवायला एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि स्वस्तातला एक सर्व्हर. दिवसा मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते, त्यामुळे हे सगळं रात्री साडेनऊनंतर किंवा रविवारी.

पहिला गट ठरलाय तो सांगली-मिरजेतल्या हौशी वादकांचा. सतार, तंबोरा, पेटी वाजवणारे आणि आपल्या वाद्याची निगा आपणच राखू बघणारे. मीही त्यातलीच, तंबोऱ्यावर गाणं शिकते. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि तो चांगला चालतो. पण गेल्या पावसाळ्यात तिथे एका काकांनी वाद्याच्या भोपळ्याला गेलेली चीर कशी भरायची ते फोटो टाकून नीट सांगितलं होतं. या उन्हाळ्यात माझ्याच तंबोऱ्याच्या भोपळ्याला केसाएवढी चीर दिसली, तेव्हा ते काही केल्या सापडेना. काकांना फोन केला तर त्यांनी मधल्या काळात फोन बदललेला, त्यांच्याकडेही फोटो नाहीत. ‘पार’ला हात घातला तो असल्याच अनुभवांमुळे.

आता विचारपूस. आधी मी चौदा प्रश्नांचा फॉर्म पाठवला, एकतीस जणांनी भरला. काय काय हवं, या प्रश्नाला उत्तरं आली ती अशी: लाइकचं बटण, डार्क मोड, स्टिकर, ‘व्हॉट्सॲपसारखंच करा’. माझा आवडता प्रश्न होता की उत्तराला उत्तर देताना फांद्या फुटत जाव्यात की सगळं एकाखाली एक सरळ यावं. हा वाद आपल्या धंद्यात जुना आहे. १९८० साली सुरू झालेल्या युजनेट या चर्चाजाळ्यावर संदेशांना फांद्या फुटायच्या, आणि २०१३ साली आलेल्या डिस्कोर्स या चर्चेच्या सॉफ्टवेअरनं मुद्दाम सरळ मांडणी धरली. दोन्ही बाजूंचं मी खूप वाचलंय. पण सतरा जणांनी तो प्रश्न कोराच सोडला, आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या तिघांना नंतर विचारलं तर त्यांना तो कळलाच नव्हता. प्रश्न माझा होता, त्यांचा नव्हता.

मग फॉर्म बाजूला ठेवला आणि पाच जणांच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊन बसले. एकच प्रश्न नेला: वाद्याच्या बाबतीत तुमचं शेवटचं कधी अडलं, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं जड गेलं, कारण माणूस बोलता बोलता थांबला की आपल्याला आपल्या सॉफ्टवेअरचं काहीतरी सांगायची घाई होते. विश्रामबागच्या एका निवृत्त काकांनी त्या शांततेतच कपाटातून वह्या काढल्या. कुठल्या वाद्याला कुठल्या नंबरची तार लावली, ती किती महिने टिकली, सगळं तारीखवार. २०१९ च्या महापुरात खालच्या खणातल्या दोन वह्या भिजल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. उरलेल्या वह्यांवरून हात फिरवत ते म्हणाले, “हे कुणाच्या तरी हाती लागायला हवं हो.” फॉर्ममध्ये याच काकांनी फक्त ‘अक्षर मोठं हवं’ एवढंच लिहिलं होतं.

सगळ्यात जास्त मिळालं ते मिरजेत. तिथल्या सतारमेकर गल्लीत एका चाचांचं दुकान आहे, माझा तंबोरा त्यांच्याच हातचा. रविवारी दुपारी गेले. दोन्ही भिंतींना पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले सुके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि चाचा कानस घेऊन एका सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत बसलेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे फोन वाढलेत असं ते म्हणतात. मी माझा प्रश्न विचारला. चाचांनी कानस खाली ठेवली.

“अडतं ते असं बघ ताई, माणसं व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात आणि विचारतात, चाचा, जवारी बरोबर आहे का? आता त्यात जवारी येतच नाही, तर मी सांगू काय?”

जवारी म्हणजे काय ते वाद्याशी संबंध नसलेल्या मित्रांसाठी: घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला चाटत थरथरते आणि मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी सूर उमटतात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा पकडतात. सगळी जादू त्या वरच्या सुरांत, आणि व्हॉइस नोट बेतलेली असते माणसाच्या बोलण्यासाठी. फाइल लहान करताना ती नेमके तेच कापते.

मी म्हटलं, ‘पार’मध्ये आवाज रेकॉर्ड करायचं बटण कालच टाकलंय, बघूया का? फोन ठेवला, चाचांनी समोरचा तंबोरा छेडला. ऐकलं तर पहिले दोन-तीन सेकंद ठीक, मग आवाज विरत विरत जवळजवळ गेला. परत केलं, परत तेच. चाचा हसले नाहीत, तंबोऱ्याकडेच बघत राहिले. त्यांना वाटलं वाद्यातच काही आहे. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन शोधलं तेव्हा कारण कळलं. ब्राउझरकडे माइक मागितला की तो आपणहून तीन गोष्टी चालू करतो: प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं. गोंगाट दाबणाऱ्याच्या लेखी एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मोटार. तंबोऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहणं. त्यानं तंबोऱ्यालाच गोंगाट धरलं. माइक मागतानाच तिन्ही गोष्टी बंद करायला सांगितल्या आणि आवाज शाबूत आला. आता ‘पार’ तीस सेकंदांचा नमुना फाइल लहान न करता ठेवतो. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनेल, म्हणजे नमुन्यामागे साधारण अडीच एमबी. महिन्याला शंभर नमुने आले तरी माझ्या सर्व्हरला ते झेपतं. ऐकायला मात्र आधी लहान फाइल जाते, आणि ‘अस्सल ऐका’ दाबलं तरच मोठी, कारण चाचांच्या गल्लीत नेटचा भरवसा नाही.

त्याच दुपारची दुसरी गोष्ट, आणि शीर्षक तिच्यावरून. ग्रुपवरच्या लोकांची परवानगी घेऊन मी जुने चारेकशे संदेश ‘पार’मध्ये चाचणीसाठी भरले होते. चाचांच्या पुतण्यानं फोन घेतला आणि शोधपट्टीत ‘सितार’ टाकलं. घरात ते सितार म्हणतात, ग्रुपवर बहुतेक जण सतार लिहितात. पहिलं उत्तर आलं ‘सुताराकडून स्टँड करून घेतला’. दुसरं ‘सातारा येथे क्लास आहे का’. तिसरं कुणीतरी ‘विस्ताराने सांगतो’ म्हणून लिहिलेलं. सतारीचा एकही संदेश नाही.

“ताई,” पुतण्या म्हणाला, “सितार शोधली तर सुतार आला.”

हे असं का झालं ते समजायला मला दोन रात्री लागल्या, आणि मराठीत काही करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. एस्क्यूलाइटची शोधयंत्रणा, एफटीएस५, मजकुराचे शब्द पाडते. मुळातला जो शब्दपाड्या आहे, युनिकोड६१ नावाचा, तो अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी केलेल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत, आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही अक्षरं नाहीत, ‘चिन्हं’ आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेला त्याच्या लेखी शब्द संपतो. ‘सितार’चे झाले स, त, र. ‘सुतार’चेही स, त, र. ‘सातारा’चेही तेच, आणि ‘विस्तार’च्या पोटातही तेच तिघे ओळीनं बसलेले. उलट ‘सतार’मध्ये स आणि त यांच्यामध्ये कुठलंच चिन्ह नाही, म्हणून त्याचे झाले ‘सत’ आणि ‘र’, आणि ते स, त, र या तिघांशी जुळले नाहीत.

उपाय एका ओळीचा निघाला. शोधाचा तक्ता करतानाच शब्दपाड्याला सांगायचं की अक्षरं-आकड्यांबरोबर चिन्हांचा वर्गही शब्दाचाच भाग धर. तक्ता नव्यानं भरला, सुतार गेला.

पण सतार अजून आली नव्हती, कारण आता ‘सितार’ आणि ‘सतार’ हे दोन सरळ वेगळे शब्द. त्यासाठी जोड्यांची एक छोटी यादी केली: सतार-सितार, तंबोरा-तानपुरा, पेटी-हार्मोनियम. ही यादी मी बसून केलेली नाही, भेटींमध्ये लोक जे जे बोलले तेच टिपलंय.

मग ‘तंबोरा’नं रडवलं. शेवटचा काना काढून ‘तंबोर’नं सुरू होणारे शब्द शोधले, तरी ‘तंबोऱ्याची’ सापडेना. कारण तिथला ऱ हा युनिकोडमध्ये र नव्हेच, वेगळं अक्षर आहे. त्यातही काही कीबोर्ड तो ऱ वापरतात आणि काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडक घालून तेच रूप दाखवतात. डोळ्याला एक, यंत्राला दोन. आता शोधासाठी ठेवलेल्या प्रतीत ऱ चा र करते आणि तो अदृश्य जोडक काढून टाकते. ‘ॲ’चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी बरेच जण अ वर चंद्र देऊन लिहायचे, आणि अजून कितीतरी कीबोर्ड तसंच लिहितात. या दोन्हींना युनिकोड एकच मानत नाही, म्हणून ‘ॲप’ शोधणाऱ्याला अर्धे संदेश दिसत नाहीत. तेही एकाच रूपात आणलं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही शोधाच्या प्रतीत मोडलाय, ‘दुरुस्ती’ आणि ‘दुरूस्ती’ आता एकत्र सापडतात. लोकांनी लिहिलेला मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा राहतो, त्याला मी हात लावत नाही.

लॉगिनचं लवकर मिटलं. एसएमएसनं ओटीपी पाठवायचा तर डीएलटी, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांकडे एसएमएस पाठवणाऱ्याची नोंदणी, लागते, ती माझ्यासारख्या एकट्या हौशी माणसाला परवडण्यातली नाही. आणि ईमेल ज्येष्ठ मंडळी उघडतच नाहीत. म्हणून आत असलेल्या सभासदानं ओळखीच्या माणसाला सहा आकडी कोड द्यायचा, तो एकदा टाकला की त्या फोनवर वर्षभर परत विचारणा नाही. पाचही जणांना हे पटलं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही आणि तिच्यासाठी तुमचं मत हवंय. निघताना चाचांनी विचारलं, “कुणी लिहिलं की ह्यांची सतार फुटकी निघाली, तर मला ते कळणार कसं? चार दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून?” बरोबर आहे त्यांचं. वाद्य उन्हात गाडीत ठेवल्यानं तडकलेलं असू शकतं, आणि नाव मात्र बनवणाऱ्याचं जातं. दुसऱ्या बाजूला, तक्रार करणाऱ्याला आधी कुणाची तरी परवानगी घ्यायला लावली तर खरी तक्रारही कुणी लिहिणार नाही. सध्या मी अशी सोय केलीय की संदेशात एखाद्या सभासद कारागिराचं नाव आलं की त्यांना लगेच कळतं, आणि त्यांचं उत्तर मूळ संदेशाला लागूनच दिसतं, मध्ये कितीही उत्तरं आली तरी. संदेश अडवून ठेवायचा का, आणि ठेवायचा तर किती वेळ, हे मला ठरवता येत नाहीये. ज्यांनी गटांची राखण केलीय त्यांनी अनुभव सांगावेत; नुसतं मत असलं तरी चालेल, पण घडलेला प्रसंग असला तर फार बरं.

फांद्या की सरळ, याचं उत्तर आता आपोआप सरळ असं झालंय, कारण पाचपैकी चौघं फोनवरच वाचतात आणि त्या पडद्यावर तिसऱ्या फांदीला अक्षरांना जागाच उरत नाही.

काकांच्या वह्यांची पानं फोटो काढून टाकायची सोय जूनमध्ये करतेय. पावसाच्या आत त्यांच्या उरलेल्या वह्यांचे फोटो तरी काढून घ्यायचे असं आम्ही ठरवलंय. आणि येत्या रविवारी परत मिरजेला जातेय. चाचांनी तोच तंबोरा अजून विकलेला नाही, त्याचाच नमुना नव्या बटणानं घेऊन त्यांना ऐकवायचाय.