मावशींची गाठ

ऑपरेशन थिएटरमधून फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. "स्पेसिमन निघालंय, या." बर्फाचा डबा उचलून मी जिन्यानेच धावले. रक्तपुरवठा तुटला की पेशींमधला आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा नाजूक रेणू, बिघडायला लागतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर जावा असा आमचा प्रयत्न असतो. टिश्यू बँकेत, म्हणजे संशोधनासाठी गाठींचे नमुने जपून ठेवणाऱ्या विभागात, इतकी वर्षं काढली, पण फोन वाजला की अजूनही छातीत धडधडतं. त्या दिवशी जरा जास्तच, कारण नमुना मावशींचा होता.

मावशी कऱ्हाडकडच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. मुलासोबत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्या होत्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात भरती झाल्या. लग्न झाल्यापासून मिश्री लावायच्या, डाव्या गालाच्या आत गाठ. लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी संमतीपत्र नुसतं वाचून दाखवून भागत नाही, त्रयस्थ साक्षीदार लागतो. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून येऊन बसली आणि मी मराठीतून एकेक ओळ समजावायला लागले. दुसऱ्याच पानावर मावशींनी मला थांबवलं.

"काढून टाकायचंच हाय न्हवं ते? मग मला कशाला इचारताय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मी म्हटलं, "काढलं तरी ते तुमचंच असतं, मावशी." मग त्यांना हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट सांगितली. 1951 साली अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या त्या बाईच्या पेशी तिला न विचारता संशोधनाला वापरल्या, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढतात, आणि घरच्यांना मात्र कित्येक वर्षं पत्ताच नव्हता. मावशी नुसत्या "आगं आई" म्हणाल्या.

"आन् ह्येचा मला काय उपयोग?"

"तुम्हाला काहीच नाही." हे सांगताना दर वेळी जीभ जड होते, पण सांगायलाच हवं. "तुमचे उपचार आहेत तसेच होणार. झाला तर पुढच्या बायकांना उपयोग."

मावशींनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माज्या दोनी सुना मिसरी लावत्यात. घ्या." आणि अंगठा पुढे केला. शाई लागलेला तो अंगठा त्यांनी कागदावर असा दाबला, की खालच्या पानावरही ठसा उमटला.

गालाचा, हिरड्यांचा कॅन्सर हे आपल्याकडचं दुखणं आहे. त्याच्या जनुकीय बिघाडांचा तपशीलवार अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने 2013 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी नमुने इथल्याच रुग्णांचे लागले, परदेशातून ते कोण पाठवणार? मावशींच्या सुनांसाठी काही सापडायचं असेल, तर ते मावशींसारख्यांच्याच गालातून सापडेल, असं मला मनापासून वाटतं.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला नमुना मोजून कापायच्या टेबलावर पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी नमुन्याच्या कडांना शाई लावली आणि गाठीवरून बोट फिरवलं. माझ्या छोट्या कुप्यांवर बारकोड आधीच चिकटवलेले होते. नायट्रोजनच्या फ्लास्कमधून पांढरी वाफ टेबलावर सांडत होती. मॅडमनी मधोमध एक काप घेतला, पट्टी लावली आणि मान हलवली.

"सव्वा सेंटिमीटर जेमतेम. ह्यातलं नाही देता येणार."

"नखाएवढं तरी, मॅडम?"

"गाठ किती खोल गेलीय ते मोजायचंय मला. पाच मिलिमीटरच्या आत की बाहेर, ह्यावर स्टेज बदलते. तू तुकडा नेलास आणि नेमकी तिथेच सगळ्यात खोल असली तर?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आधी निदान, त्यातून उरलं तर बँक, हा नियम मीच नव्या मुलींना शिकवते. गाठ फॉर्मलिनच्या डब्यात गेली. मी कुप्या उचलल्या, नोंदवहीत "ट्यूमर: उपलब्ध नाही" लिहिलं आणि सकाळी घेतलेलं रक्त तेवढं यंत्रात फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून उणे 80च्या फ्रीझरमध्ये ठेवलं. तो दिवस माझा वाईट गेला, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेले. मावशींच्या नाकात नळी, गाल सुजलेला, बोलायची मनाई. मला पाहताच त्यांनी गालाकडे बोट केलं आणि मग दोन बोटांच्या चिमटीने कुपी धरल्यासारखं करून भुवया उंचावल्या.

"गाठ लहान निघाली, मावशी. सगळी तपासणीलाच लागली. तुमचं रक्त ठेवलंय जपून."

मुलगा चटकन म्हणाला, "ल्हान म्हंजे चांगलंच की, मॅडम?"

"चांगलंच."

मावशी थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या. मग चादरीतून उजवा हात बाहेर काढला, दुसऱ्या हाताने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि तो हात माझ्यापुढे धरला.