आमची वाटचाल : गुलाबांच्या मधल्या जागेतली फुले

पुण्यातील मार्केट यार्डाच्या फूलबाजारात मी लग्नाच्या सजावटीसाठी पहाटे खरेदीला जाऊ लागलो, तेव्हा माझी नजर डच गुलाब, जरबेरा आणि निशिगंध यांपलीकडे जात नसे. जिप्सोफिलाची बारीक पांढरी फुले, गोल्डन रॉडचे पिवळे तुरे, कामिनीचा पाला हे सारे मी सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत घेत असे. कारण आमच्या व्यवसायात ज्यांना ‘फिलर’, म्हणजे मधली जागा भरणारी, म्हणतात ती फुले देठ खोचायचा हिरवा फोम झाकण्यापुरतीच असतात, अशी माझी समजूत होती.

ही समजूत वैशाखातल्या एका लग्नात मोडली. जिप्सोफिलाच्या गड्ड्या आम्ही रात्री कार्यालयाच्या कोठीत ठेवल्या होत्या आणि शेजारीच आमरसासाठी आणलेल्या पिकल्या आंब्यांच्या पेट्या होत्या. सकाळी बहुतेक फुले मिटून सुकली होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि जिप्सोफिला त्याने फार लवकर खराब होतो, हे आम्हांला नंतर कळले. त्या दिवशी नुसत्या गुलाबांवर स्टेज सजवावे लागले. जादा गुलाब आणूनही प्रत्येक फूल सुटे दिसत होते, मधल्या जागेतून हिरवा फोम डोकावत होता आणि जवळून काढलेल्या छायाचित्रांत तो लपवता आला नाही. त्या कुटुंबाची मी क्षमा मागितली. ती खंत अजून गेलेली नाही.

माझी आई अबोलीच्या गजऱ्यात मधूनमधून मरवा गुंफत असे. मरव्याच्या हिरव्या रंगामुळेच अबोलीचा केशरी रंग खुलतो, हे लहानपणापासून पाहूनही मला ते स्टेजवर सुचले नव्हते.

आता आम्ही आधी कामिनीने आकार बांधतो, मग गुलाब बसवतो आणि शेवटी जिप्सोफिला हलक्या हाताने, फुलांच्या पातळीपेक्षा किंचित वर सोडतो. तो दाबून भरला की सारी मांडणी कापसासारखी दिसते. हळदीला पिवळ्या शेवंतीबरोबर गोल्डन रॉड शोभतो. जिप्सोफिलाचा वास काहींना उग्र वाटतो, म्हणून वधूवरांच्या हारांत आम्ही तो घालत नाही. उन्हाळ्यातील उघड्या मांडवासाठी लिमोनियम हे बारीक फुलांचे फिलर घेतो, कारण सुकल्यावरही त्याचा जांभळा रंग बराच काळ टिकतो. उरलेल्या गड्ड्या उलट्या टांगून वाळवल्या जातात आणि ज्या घरचे लग्न, त्या घरी पुढच्या आठवड्यात पोहोचवल्या जातात.