मिरगाच्या आधी ड्रायर

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं आषाढात दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही हाताला गारच लागतो. बेळगाव शहरात पाऊस त्यामानानं कमी, पण झड धरली की तिथंही तीच गत. सोप्यात आडव्या-उभ्या दोऱ्या, जिन्याच्या कठड्यावर शाळेचे युनिफॉर्म, पंख्याखाली जीन्स, आणि घरभर तो कुबट वास. शेवटी कुणीतरी ड्रायर घ्यायचं काढतं. दुकानात क्षमता विचारली जाते, किंमत विचारली जाते, हप्ते विचारले जातात. यातली वाफ जाणार कुठं, एवढंच विचारायचं राहतं. पुढच्या बहुतेक तक्रारी या न विचारलेल्या प्रश्नातून निघतात.

हिशेब साधा आहे. पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीननं मिनिटाला १००० फेऱ्यांवर पिळले, तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी राहतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतली सगळी हवा २२ अंशांना जेमतेम ५५० ग्रॅम वाफ धरते, आणि पावसाळ्यात त्यातली बरीचशी जागा आधीच भरलेली असते. मशीनच्या उष्णतेनं खोली तापली तर आणखी थोडी मावेल. बाकीचं पाणी भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर आणि छताच्या कोपऱ्यात जातं. आठ-पंधरा दिवसांत तिथं काळी बुरशी दिसते. वर ड्रायर तीच ओली हवा पुन्हा आत ओढतो. मग तासाचं काम अडीच तास चालतं आणि बोल लागतो हीटरला.

‘बाहेर एवढा ओलावा असताना खिडकी उघडून काय होणार?’ असं हमखास विचारतात. होतं. २२ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १२ टक्क्यांवर येते. पावसाळी हवासुद्धा कपडे वाळवायला पुरेशी कोरडी करता येते; ती ताजी हवी, इतकंच. म्हणून हवा बाहेर फेकणाऱ्या साध्या ड्रायरसाठी भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढावा, आणि मशीन चालू असताना खिडकी चार बोटं उघडी ठेवावी.

पाइप मशीनच्या मागच्या तोंडाच्या मापाचा घ्या. बहुतेक ठिकाणी ते ४ इंची असतं. आतून गुळगुळीत ॲल्युमिनियम किंवा पत्र्याचा उत्तम. वळ्यावळ्यांचा प्लॅस्टिकचा पाइप स्वस्त मिळतो, पण प्रत्येक वळीत कपड्यांतून झडलेला कापूस साचतो. एक काटकोनी वळण म्हणजे साधारण पाच फूट जादा पाइप, असं धरून चालावं. पाइपाला उतार बाहेरच्या बाजूला द्या. आपल्याकडच्या गार जुलैत वाफ पाइपातच थिजते आणि उतार उलटा असेल तर पाणी मशीनमध्ये परत येतं. तोंड पश्चिमेच्या भिंतीला नको. झडीचा मारा तिकडूनच असतो. पाल शिरू नये म्हणून तोंडाला डासांची जाळी ठोकणारे खूप आहेत. ती जाळी महिन्याभरात कापसानं लिंपून जाते. त्यापेक्षा हवेनं उघडणारी आणि आपोआप मिटणारी झडप लावावी.

हा कापूस म्हणजे कपड्यांचा झडलेला सूतकण. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्यांना त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. तो कुठंही बसतो आणि ठिणगीला पटकन पेट घेतो. ड्रायरच्या दाराजवळ जाळी असते. ती प्रत्येक घाण्यानंतर हातानं पुसायची, आठवड्यातून एकदा नव्हे. तरीही हवा कमी वाटली तर जाळी नळाखाली धरा. पाणी वर तळं करून राहिलं तर तिच्यावर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा मेणचट थर बसलाय. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन ती धुवा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ओली जाळी घातली की कापसाचा लगदा होतो. रोप लावणीचे कपडे आधी नीट खळबळून घ्यावेत. खानापूरची तांबडी माती ड्रममध्ये सुकते, पीठ होते आणि तेच पीठ जाळीत, ड्रमच्या कडेच्या फेल्टच्या पट्टीत, बेअरिंगमध्ये जाऊन बसतं.

जाळी साफ, पाइप मोकळा, तरी हवा गरम नाही? ड्रायर थेट १६ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर आहे ना, हे आधी बघा. एक्स्टेंशन बोर्डवर तो चालवूच नये. मग व्होल्टेज. २३० व्होल्टवर २००० वॉट देणारा हीटर १९० व्होल्टवर १३६५ वॉटच देतो. पावसात व्होल्टेज पडणाऱ्या गावात संध्याकाळी कपडे ओले राहतात आणि पहाटे वाळतात, त्याचं कारण हे. व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढून मल्टिमीटरनं हीटर तपासावा. तारा सुट्या करून मोजल्यावर २००० वॉटचा हीटर २६ ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. हीटर चांगला निघाला तर उष्णतेचा कटआउट, म्हणजे मशीन फार तापलं की हीटर बंद करणारा भाग, बघा. काही मशीनमध्ये त्याला मागच्या बाजूला दाबायचं बटण असतं. पण तो उडतो तो हवा अडल्यामुळं. नुसता बदलून दिला आणि पाइप तसाच तुंबलेला ठेवला, तर नवाही उडणार. जो मेकॅनिक पाइपाकडं न बघता कटआउट बदलतो, त्याला पुढच्या वेळी बोलवू नये.

कपडे ओले असतानाच मशीन ‘झालं’ म्हणून थांबत असेल, तर दाराच्या आत, ड्रमच्या तोंडाशी असलेल्या दोन धातूच्या पट्ट्या बघा. ओले कपडे त्यांना टेकले की त्यांच्यातून सूक्ष्म प्रवाह जातो. तो थांबला की मशीन कपडे वाळले असं समजतं. बोअरच्या जड पाण्यानं त्यांच्यावर पांढुरका थर येतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडानं पुसून काढा. फक्त दोन शर्ट टाकले, तरी ते पट्ट्यांना नीट टेकत नाहीत आणि तोच घोटाळा होतो.

मोटर गुणगुणतेय पण ड्रम हलत नाही, तेव्हा प्लग काढून ड्रम हातानं फिरवा. अगदी हलका, सैल फिरला तर ड्रम फिरवणारा रबरी पट्टा तुटलाय. थोडा जड फिरला आणि मोटर तरीही अडली तर तिला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेलाय. किरकिर म्हणजे बेअरिंग किंवा पुली. दार लावूनही मशीन मुकं राहिलं तर दाराच्या स्विचची खटक ऐकू येते का बघा.

बऱ्याच घरांत ड्रायर म्हणजे दोन टबांच्या मशीनमधला पिळणारा टब. तो वाळवत नाही, पिळतो, पण चांगला पिळला तर वरचं निम्मं दुखणं उरत नाही. कपडे कडेनं सारखे दाबून बसवा, वर प्लॅस्टिकची चकती ठेवा. झाकण उघडल्यावर टब लगेच थांबला नाही तर ब्रेकची तार सैल आहे. ती घट्ट होईपर्यंत आत हात घालू नये. खाली मोटरवर पाणी ठिबकत असेल तर टबाखालून पाणी गळू न देणारा रबरी बेलो चिरलाय. तो स्वस्तात मिळतो. मोटर जळू दिली तर स्वस्त काहीच राहत नाही.

पाणी टाकीत जमवणारा ड्रायर असेल तर भिंत फोडायची गरज नाही, पण त्याचा कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणारा भाग, सवडीनं काढून धुवावा लागतो. टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा मोह होतो. घालू नये, त्यात कापूस आणि साबणाचा अंश असतो.

बाळाची तेल लागलेली दुपटी, अभ्यंगाचे पंचे, तळणाची फडकी हे ड्रायरमध्ये घालूच नका. धुतल्यावरही सुतात तेल राहतं, गरम ढिगात ते आणखी तापतं आणि कपडे आपोआप पेटू शकतात. म्हणूनच शेवटची दहा मिनिटं मशीन गार हवा देतं. घाईनं ती मधेच तोडून कपड्यांचा गोळा टोपलीत दाबू नये. इरकल साडीही ड्रायरबाहेरच वाळवावी.

पट्टा आणायचा झाल्यास जुना हातात घेऊन दुकानात जा. त्यावर १९३० एच ७ असं काहीतरी छापलेलं असतं: पहिला आकडा लांबी मिलिमीटरमध्ये, शेवटचा पट्ट्याच्या लांबीभर गेलेल्या रेघा किती ते. छाप पुसला असेल तर रेघा मोजा आणि मागच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या. हे मे महिन्यात, वळवाच्या पावसातच उरकावं. मिरग लागल्यावर दुकानात पट्टा मिळाला तरी तो बसवणारा माणूस मोकळा मिळत नाही.