रविवारचं फोर्ट आणि धोबीतलावचा ब्रून मस्का

अठरा वर्षं डोंबिवलीहून बोरीबंदरला उतरतोय, पण उतरलं की नजर घड्याळावर नाहीतर पुढच्याच्या टाचांवर. स्टेशनचा घुमट मान वर करून पाहिला तो मागच्या रविवारी, पुण्याहून भाचा आला म्हणून.

सव्वासातला सीएसएमटीला पोचलो. बाहेर पडून आधी रस्ता ओलांडा, समोरून इमारत दिसते. घुमटावर मशाल धरलेली प्रगतीची मूर्ती, फाटकाच्या एका खांबावर सिंह (ब्रिटन), दुसऱ्यावर वाघ (आपण). नक्षीकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात. भाचा मोर आणि माकडं मोजत बसला, हलेचना. हे १८८८ साली पुरं झालं आणि समोरची महापालिका १८९३ला, दोन्ही स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाची. हे कळल्यावर दोघींचे चेहरे बहिणीबहिणीसारखे वाटायला लागतात.

दादाभाई नौरोजी रोडने कमानींखालून चालत हुतात्मा चौकात आलात की फ्लोरा फाउंटन (१८६४) लागतं. लोक कारंज्याचे फोटो काढतात आणि शेजारच्या संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकाकडे पाठ करतात. ‘हे कोण रे मामा?’ असं भाच्याने विचारलं म्हणून तिथे दहा मिनिटं थांबलो. शाळेत हे शिकवत नाहीत की काय, देव जाणे.

हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर टेका, पाणी प्या. ग्रंथालय आतून पाहायचं असेल तर कामाच्या दिवशी या.

माझी आवडती जागा मात्र काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडमधून सुटा आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती इथेच. इतकी वर्षं हाल झालेली ही इमारत बघून वाईट वाटतं. पुतळे चकचकीत ठेवणाऱ्या शहराला हिच्यासाठी वेळ का मिळाला नाही?

मग ओव्हल मैदान. मधोमध उभं राहा: एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतले २८० फुटी राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा. २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत या दोन्ही शैली एकत्रच गेल्या. चेंडूकडे लक्ष असू द्या, एकावेळी पाच-सहा मॅचेस चालू असतात.

आता पोटाचं. आमची चूक अशी, की आधी एका जुन्या इराण्याचं दार ठोठावायला गेलो. रविवारी कुलूप! फोर्ट हा ऑफिसवाल्यांचा भाग. रविवारी बरीच हॉटेलं बंद असतात. फोन करून निघा, किंवा सरळ धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानीत जा. १९०४पासूनचं, सकाळी लवकर उघडतं. चौकडीचे टेबलक्लॉथ, लाकडी खुर्च्या, बरण्यांतली बिस्किटं. साडेनऊनंतर गर्दी होते, टेबल शेअर करायची तयारी ठेवा.

अकुरी (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी), खिमा पाव आणि ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) मागवा. ब्रूनचं कवच असं कडक की नुसतं चावलं तर टाळू सोलते. चहात बुडवून तीन आकडे मोजा, लोणी चहावर तरंगायला लागलं की तोंडात टाका. भाच्याने चार मोजले, अर्धा पाव बशीत. ही न्याहारी धरायची की जेवण, कोण जाणे. संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही.

कयानी ज्या जेर महालात आहे, तिथे वर गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, आहेत. बोटीवर नोकरीला निघालेले गोंयकार तिथे मुक्कामाला असायचे. खाताना वरच्या खिडक्या आठवायला हरकत नाही.

निघण्याआधी मेगाब्लॉकचं (रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा वळवतात त्याचं) वेळापत्रक बघा. आम्ही बघितलं नव्हतं. मावा केकचा पुडा मांडीवर घेऊन रखडत ठाण्यापर्यंत आलो, डोंबिवली येईस्तोवर पुडा रिकामा.